तुटपुंजा पुरावा आणि धोरणाचा निर्णय : भायखळ्याच्या तुरुंगापासून ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेपर्यंत

प्रास्ताविक

धोरण ठरविणाऱ्याला सहसा पुरेसा वेळ मिळत नाही आणि संशोधकाला पुरेसे पुरावे मिळत नाहीत. एखाद्या प्रश्नावर पन्नास अभ्यास झालेले असतील तर त्यांचे सार काढणे तुलनेने सोपे असते. परंतु अभ्यास दोन-तीनच असतील, तेही लहान, वेगवेगळ्या ठिकाणी व वेगवेगळ्या पद्धतीने केलेले असतील, आणि निर्णय मात्र आजच घ्यावयाचा असेल, तर काय करावे? "पुरावा अपुरा आहे" असे म्हणून स्वस्थ बसणे हाही एक निर्णयच असतो व त्याचीही किंमत कोणीतरी मोजत असते. उलट, एका अभ्यासाच्या आधारावर सर्वांवर सक्ती करणे हाही अन्यायच ठरतो.

हा प्रश्न आधुनिक संख्याशास्त्राच्या पुस्तकांतून आपल्यापर्यंत आला असला तरी त्याचा इतिहास आपल्याच भूमीत घडलेला आहे. १८९७ च्या मुंबईतील प्लेगची लस आणि १९९४ च्या बीड-सुरत येथील प्लेगचे निदान या दोन प्रसंगांत मोजक्या पुराव्यांवर मोठे निर्णय घ्यावे लागले. पहिल्या प्रसंगाचे केंद्र मुंबई होते. दुसऱ्या प्रसंगातील एक महत्त्वाचा दुवा ग्वाल्हेर येथील प्रयोगशाळेत आहे. प्रस्तुत निबंधात या दोन घटनांचा आढावा घेऊन, थोडे अभ्यास एकत्र कसे वाचावेत याविषयी त्यांतून काय शिकता येते हे पाहावयाचे आहे. महाविद्यालयीन अध्यापकांना हा विषय दूरचा वाटू नये. विद्यार्थ्यांची गळती, वसतिगृह, शिष्यवृत्ती, शिक्षणाचे माध्यम अशा प्रश्नांवर आपणही दोन-चार लहान पाहण्यांच्या आधारेच निर्णय घेत असतो.

मुंबईतील प्लेग आणि पुराव्याविना सक्ती

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढे काही महिन्यांतच शहरातून लोकांचे लोंढे बाहेर पडू लागले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा करण्यात आला व त्याअन्वये सरकारला घरांची झडती, रुग्णांचे विलगीकरण, प्रवाशांची तपासणी असे व्यापक अधिकार मिळाले. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये ओळखला गेला होता, पण तो माणसापर्यंत कसा पोहोचतो हे कोणालाच नीट माहीत नव्हते. उंदरावरील पिसवा हा त्यातील दुवा आहे, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ साली कराचीत दाखविले आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली.

म्हणजे ज्या उपायांची सर्वाधिक सक्ती झाली त्यांच्यामागे पुरावा जवळजवळ नव्हताच. पुण्यातील घरझडत्या व त्यानंतर २२ जून १८९७ रोजी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर झालेला गोळीबार हा इतिहास मराठी वाचकांस परिचित आहे. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यातील जुलाह्यांनी केलेला उद्रेक त्या मानाने कमी सांगितला जातो. एका आजारी मुलीच्या तपासणीवरून त्याची ठिणगी पडली होती. घरातील स्त्रियांची परक्या पुरुषाने केलेली तपासणी, आजाऱ्याला बळाने रुग्णालयात नेणे आणि तेथून तो परत येईल की नाही याची शाश्वती नसणे, यांमुळे हिंदू व मुसलमान दोन्ही समाजांत सारखाच संताप होता. लोक अडाणी होते म्हणून त्यांनी विरोध केला, असे त्या काळच्या कागदपत्रांत वारंवार लिहिलेले आढळते. परंतु ज्या उपायाचा गुण सिद्ध झालेला नाही त्यासाठी घराची अब्रू पणाला लावण्यास नकार देणे, यात अडाणीपणा किती आणि शहाणपण किती, याचा विचार आज नव्याने करावयास हवा.

तीन लहान अभ्यास

याच वातावरणात वाल्देमार हाफकिन हे शास्त्रज्ञ ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले व ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि लशीची पहिली कसोटी तेथे झाली. सुमारे दीडशे कैद्यांनी लस टोचून घेतली. सुमारे पावणेदोनशे कैद्यांनी ती घेतली नाही. त्यानंतर न टोचलेल्यांत बारा जण आजारी पडले व सहा दगावले. टोचलेल्यांत दोघे आजारी पडले, पण मृत्यू एकही झाला नाही.

आकडे आशादायक होते, परंतु दोन शंका लगेच उपस्थित होतात. पहिली अशी की लस घेणारे स्वेच्छेने पुढे आलेले होते. ते मुळातच अधिक धडधाकट किंवा अधिक सावध असतील. दुसरी अशी की लस टोचली त्याच दिवशी ज्यांना आजार दिसून आला त्यांना हिशेबातून वेगळे काढले गेले. वैद्यकीयदृष्ट्या हे समर्थनीय आहे, कारण त्यांच्या शरीरात रोग आधीच शिरलेला होता. परंतु गणनेची सुरुवात दोन्ही गटांसाठी एकाच क्षणापासून झाली का, हे पाहिल्याशिवाय असा आकडा स्वीकारता येत नाही.

दुसरा प्रयोग जानेवारी १८९८ मध्ये उमरखाडीच्या तुरुंगात झाला. तेथे सुमारे दीडशे कैद्यांना लस टोचली गेली व सुमारे सव्वाशे तसेच राहिले. न टोचलेल्यांत दहा आजारी व सहा मृत्यू झाले. टोचलेल्यांत तीन आजारी पडले व मृत्यू एकही नाही.

तिसरा प्रयोग सर्वांत विचारपूर्वक आखलेला होता. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी हाफकिन व त्यांचे सहकारी बॅनरमन यांनी घरोघरची माणसे समोर उभी करून प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचली. वय, लिंग व प्रकृती यांचा मेळ दोन्ही बाजूंस बसावा असा प्रयत्न केला. एकूण ५१३ जणांना लस टोचली गेली व ४३७ जणांना नाही. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला त्यांत टोचलेली माणसे ७१ होती. त्यांपैकी ८ आजारी पडली व ३ मरण पावली. न टोचलेली ६४ होती. त्यांपैकी २७ आजारी पडली व २६ मरण पावली.

येथे थोडे थांबून हिशेब करावा. रोग होण्याचे प्रमाण भायखळ्यात टोचलेल्यांमध्ये न टोचलेल्यांच्या साधारण एक-पंचमांश होते, तर उमरखाडीत व उंढेऱ्यात ते साधारण एक-चतुर्थांश होते. हे तिन्ही अभ्यास लहान आहेत. त्यांतील कोणताही एक अभ्यास योगायोग म्हणून सोडून देता आला असता. परंतु दोन तुरुंग व एक खेडे, शहर व ग्रामीण भाग, मुक्काम पक्का असलेले कैदी व मोकळी कुटुंबे, इतकी परिस्थिती भिन्न असूनही तिन्ही ठिकाणी उत्तर जवळजवळ एकच येते. थोड्या पुराव्यांचे बळ त्यांच्या संख्येपेक्षा अशा जुळण्यात असते. शिवाय, ज्या उंढेऱ्यात गट समान करण्याची सर्वाधिक काळजी घेतली गेली तेथेही परिणाम कमी झाला नाही. केवळ धडधाकट लोकांनी लस घेतली म्हणून फरक दिसला असता, तर उत्तम आखणीच्या अभ्यासात तो फरक विरून जावयास हवा होता.

मोठ्या आकड्यांचा मोह

या तीन लहान अभ्यासांखेरीज मोठमोठे आकडेही उपलब्ध होते. धारवाडकडील हुबळी शहरात १८९८ साली हजारो नागरिकांना लस टोचली गेली. मुंबईत खोजा समाजातील हजारो लोकांनी लस घेतली. आगाखान तिसरे, सुलतान महंमद शहा, त्या वेळी अवघे वीस वर्षांचे होते. त्यांनी स्वतः लोकांसमोर लस टोचून घेतली व हाफकिन यांना आपली वास्तू वापरावयास दिली. याचे वर्णन त्यांच्या १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आहे. सक्तीने जे साधले नाही ते विश्वासाने कसे साधते, याचा हा मोठा दाखला आहे.

परंतु विश्वास मिळविणे आणि पुरावा मिळविणे या भिन्न गोष्टी आहेत. खोजा समाजातील टोचलेल्या व न टोचलेल्या माणसांची तुलना केली असता फरक मोठा दिसला, तरी लस कोणी घेतली हा प्रश्न उरतोच. जो जमातखान्यात नियमित येतो, ज्याच्या घरी चार माणसांचा आधार आहे, तो लस घेण्याची शक्यता अधिक आणि दाटीच्या अंधाऱ्या खोलीत राहण्याची शक्यता कमी. हुबळीत आणखी एक अडचण होती. दर आठवड्याला टोचलेल्यांची संख्या वाढत होती, न टोचलेल्यांची घटत होती, शिवाय माणसे गाव सोडून जात होती. ज्या संख्येने भागावयाचे तीच रोज बदलत असेल, तर भागाकार कितीही काळजीपूर्वक केला तरी उत्तर डळमळीतच राहते.

भारत सरकारने १८९८ साली नेमलेल्या प्लेग कमिशनने नेमकी हीच चिकित्सा केली. एडिंबरोचे प्रा. टी. आर. फ्रेझर हे त्याचे अध्यक्ष होते आणि विषमज्वरावरील लशीचे जनक आल्मरॉथ राइट हे सदस्य होते. कमिशनने अनेक ठिकाणच्या आकडेवारीवर कठोर टीका केली. कोठे मृत्यूंची नोंद अपुरी होती, कोठे लोकसंख्येचा अंदाज ढोबळ होता. तरीही त्यांनी सर्व पुरावा फेकून दिला नाही. लशीमुळे रोग होण्याचे प्रमाण बरेच कमी होते, मृत्यूचे प्रमाणही घटते, मात्र संरक्षण पूर्ण नाही व पहिल्या काही दिवसांत ते मिळत नाही, असा मर्यादित परंतु स्पष्ट निष्कर्ष त्यांनी दिला. किती निश्चित आहे आणि किती नाही, हे एकाच परिच्छेदात सांगण्याची ही शिस्त आज शंभरहून अधिक वर्षांनंतरही अनुकरणीय आहे.

एका बाटलीने फिरविलेले धोरण

याच्या उलट उदाहरण लवकरच घडले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी पाच बाटल्यांतून १०७ लोकांना लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. एकोणीस घरे उद्ध्वस्त झाली. या दुःखाला कोणतीही टक्केवारी लागू होत नाही. परंतु धोरणाच्या दृष्टीने प्रश्न असा होता की दोष लशीचा की त्या एका बाटलीचा? अन्य चार बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काहीच झाले नव्हते. तेवढ्यावरूनही शोधाची दिशा बाटलीकडे वळावयास हवी होती. प्रत्यक्षात ठपका प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना पद सोडावे लागले आणि पंजाबातील लसीकरणाची मोठी योजना थंडावली. त्या गावी बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, हे पुढे मान्य झाले. १९०७ साली रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली व ते दोषमुक्त झाले. मधल्या पाच वर्षांत प्लेग मात्र पंजाबात थैमान घालीतच होता.

पुरावे कमी असतात तेव्हा ताजा व धक्कादायक पुरावा जुन्या व शांत पुराव्यास झाकून टाकतो. उंढेऱ्यातील २६ मृत्यू वर्तमानपत्रांत गाजले नाहीत, कारण ते प्लेगने झाले होते. मुलकोवालचे १९ मृत्यू गाजले, कारण ते सुईने झाले होते. दोहोंचे वजन एकाच तराजूत करणे हे माणसाच्या स्वभावाला जड जाते, म्हणूनच ते पद्धतीने करावे लागते.

पिअरसन यांची सरासरी

ही पद्धत प्रथम काटेकोरपणे मांडली ती कार्ल पिअरसन यांनी. तिचाही संबंध हिंदुस्थानाशी आहे. राइट यांच्या विषमज्वराच्या लशीचा उपयोग दक्षिण आफ्रिकेतील व हिंदुस्थानातील ब्रिटिश सैनिकांत झाला होता. ती सर्व सैन्यास द्यावी काय, हा प्रश्न होता. पिअरसन यांनी वेगवेगळ्या तुकड्यांचे आकडे स्वतंत्रपणे तपासले, प्रत्येक ठिकाणी लस व बचाव यांचा सहसंबंध काढला आणि नंतर त्यांची सरासरी घेतली. हा निबंध १९०४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. विविध अभ्यासांचे संख्यात्मक एकत्रीकरण करण्याचा हा आरंभीचा नमुना मानला जातो. त्याला मेटा-अ‍ॅनालिसिस हे नाव पुढे १९७६ साली जीन ग्लास या शिक्षणशास्त्रातील अभ्यासकाने दिले, ही गोष्ट अध्यापकांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पिअरसन यांना रोगापासून बचावाच्या बाबतीत पाच आकडे मिळाले. लेडीस्मिथच्या शिबंदीत सहसंबंध ०.४४५ होता, हिंदुस्थानातील सैन्यात ०.१०० आणि सुट्या पलटणींत अवघा ०.०२१. सरासरी ०.२२६ आली. परंतु पिअरसन सरासरीवर समाधान मानून थांबले नाहीत. आकडे एकमेकांपासून इतके दूर का, हा प्रश्न त्यांनी अधिक महत्त्वाचा मानला. लस सर्व सैन्यास लागू करण्याइतका पुरावा नाही, असे त्यांचे मत पडले. मात्र त्यांनी एक मार्गही सुचविला. जे सैनिक लस घेण्यास स्वतः तयार आहेत त्यांची यादी करावी आणि त्यांतील प्रत्येक दुसऱ्यास लस टोचावी. असे केल्यास तयारी दाखविणाऱ्यांचीच तयारी दाखविणाऱ्यांशी तुलना होईल. राइट यांना हे मत मान्य झाले नाही व दोघांत त्याच नियतकालिकातून तीव्र वाद झाला.

भायखळा, उमरखाडी व उंढेरा येथील उत्तरे जवळजवळ होती म्हणून त्यांचे एकत्रीकरण बोलके ठरते. पिअरसन यांच्याकडील उत्तरे विखुरलेली होती म्हणून सरासरी हा केवळ एक आकडा राहिला. अभ्यास थोडे असताना सरासरी किती आली यापेक्षा त्यांची उत्तरे एकमेकांपासून किती दूर आहेत, हे आधी विचारावे.

इतिहासाच्या अभ्यासकाला ही दृष्टी परकी नाही. हाफकिन मुंबईत लस टोचीत होते त्याच काळात, १८९८ साली, वि. का. राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. घटनेनंतर अनेक वर्षांनी लिहिलेल्या बखरीपेक्षा घटनेच्या वेळचे अस्सल पत्र अधिक मोलाचे, हा आग्रह त्यांनी धरला. दहा बखरी एकाच मूळ बखरीवरून उतरविलेल्या असतील तर ती साक्ष दहांची नसून एकाचीच असते. संशोधनाचे निबंध एकत्र करतानाही नेमके हेच विचारावयाचे असते. हे पुरावे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, की एकाच आकडेवारीची पुन्हा पुन्हा उजळणी आहे?

१९९४ : बीड, सुरत आणि ग्वाल्हेर

सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपास वर्ष होण्याच्या सुमारास, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला या गावी लोकांच्या जांघेत व काखेत गाठी येऊ लागल्या. त्याआधी उंदीर मरून पडल्याचे व पिसवांचा उपद्रव वाढल्याचे गावकऱ्यांनी सांगितले होते. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरत शहरात फुफ्फुसाच्या तीव्र विकाराने माणसे दगावू लागली. काही दिवसांतच लाखो लोक सुरत सोडून गेले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या औषधांच्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. अनेक देशांनी भारताशी होणारी विमानवाहतूक व व्यापार यांवर निर्बंध घातले.

देशात १९६६ नंतर प्लेगच्या रुग्णाची खात्रीशीर नोंद नव्हती. त्यामुळे देखरेखीची यंत्रणा शिथिल झाली होती व निदानाचा सराव राहिला नव्हता. हा प्लेगच आहे काय, या प्रश्नावर तज्ज्ञांत मतभेद झाले. अन्य रोगांची नावेही पुढे आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीत अखेरीस संशयितांपैकी ८७६ रुग्ण व ५४ मृत्यू राहिले. केंद्र सरकारने प्रा. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली तांत्रिक सल्लागार समिती नेमली. रुग्णांची लक्षणे, रक्तातील प्रतिपिंडे, उंदरांची पाहणी, प्रयोगशाळेतील जंतूंची वाढ असा निरनिराळ्या जातींचा पुरावा एकत्र करण्याचे काम या समितीपुढे होते. त्यांतील कोणताही एक पुरावा एकट्याने निर्णायक नव्हता.

येथे ग्वाल्हेरचा संबंध येतो. डीआरडीई या नावाने परिचित असलेल्या येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी या साथीतील नमुन्यांमधून प्लेगचा जंतू वेगळा करून त्याची ओळख पटविण्याचे काम केले. १९९६ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे २००० साली हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने जनुकीय पद्धतीने तपासणी केली आणि तिचे उत्तरही प्लेगच्याच बाजूने आले. दोन शहरे, दोन संस्था व दोन निराळ्या पद्धती यांनी एकमेकांना दुजोरा दिला. येथेही अभ्यासांची संख्या मोठी नव्हती. त्यांचे स्वातंत्र्य व त्यांचे जुळणे हेच त्यांचे बळ होते.

परंतु धोरणाच्या इतिहासात अधिक लक्षणीय गोष्ट वेगळीच आहे. हे पक्के पुरावे हाती येईपर्यंत सुरत शहर थांबले नाही. १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत महानगरपालिकेने कचरा, गटारे, उपाहारगृहांची स्वच्छता यांवर कसून काम केले व सुरतचे रूप पालटले. रोग प्लेग असो वा अन्य काही, या निर्णयाने कोणाचेही नुकसान होणार नव्हते. पुरावा थोडा असताना, कोणतेही उत्तर खरे ठरले तरी पश्चात्ताप होणार नाही असे उपाय प्रथम हाती घ्यावेत, हा धडा सुरतने दिला. १८९७ च्या झडत्यांशी त्याची तुलना केली म्हणजे फरक ध्यानात येतो. झडतीचा उपाय चुकीचा ठरल्यास गेलेली अब्रू परत येत नाही. गटार साफ करण्याचा निर्णय अनावश्यक ठरला तरी गटार साफच राहते.

दोन अलीकडील दाखले

हा इतिहास संपलेला नाही. कोविडच्या साथीत बऱ्या झालेल्या रुग्णांचा रक्तद्रव देण्याचा उपचार मोठ्या आशेने सुरू झाला. महाराष्ट्राने जून २०२० मध्ये 'प्लॅटिना' हा मोठा प्रकल्प जाहीर केला. हाताशी असलेले आरंभीचे अभ्यास लहान व तुलनेच्या गटाविना केलेले होते. त्याच वेळी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर यादृच्छिक गट पाडून चाचणी घेतली. आजार बळावणे किंवा मृत्यू येणे यांत या उपचाराने फरक पडत नाही, असे तिच्यातून दिसले. मे २०२१ मध्ये हा उपचार राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून वगळण्यात आला. पिअरसन यांनी १९०४ साली मागितलेली गोष्ट साथीच्या ऐन धामधुमीत आपल्या रुग्णालयांनी करून दाखविली, याचा योग्य तो गौरव झालेला नाही.

दुसरा दाखला शिक्षणाचा आहे. मुसलमान मुले मोठ्या प्रमाणावर मदरशांत जातात असे गृहीत धरून अनेक वर्षे चर्चा व योजना होत होत्या. मार्च २००५ मध्ये नेमलेल्या व नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल देणाऱ्या सच्चर समितीने या विषयावरील मोजकी आकडेवारी एकत्र केली. एनसीईआरटी व एनसीएईआर या दोन संस्थांची आकडेवारी स्वतंत्रपणे गोळा झालेली होती. दोन्हींवरून हे प्रमाण तीन-चार टक्क्यांच्या आसपासच दिसले. शाळेत जाऊन उरलेल्या वेळात मकतबमध्ये धार्मिक शिक्षण घेणारे मूल आणि पूर्णवेळ मदरशात शिकणारे मूल यांत लोक गल्लत करतात, हेही समितीने स्पष्ट केले. एकाच शब्दाखाली दोन वस्तू मोजल्या गेल्या तर अभ्यास कितीही असोत, उत्तर चुकणारच. आणि हे उत्तर चुकल्याची किंमत उरलेली शहाण्णव-सत्त्याण्णव टक्के मुले मोजत होती. त्यांना जवळच्या सरकारी शाळेची, मुलींसाठी स्वच्छतागृहाची व उर्दू शिक्षकाची गरज होती, आणि चर्चा मात्र दुसऱ्याच दारापाशी अडकलेली होती.

समारोप

वरील विवेचनावरून काही सूत्रे हाती येतात. पहिले असे की अभ्यास थोडे असतील तर प्रत्येक अभ्यास आधी वेगळा वाचावा. सर्व आकड्यांची एकदम बेरीज करू नये. दुसरे, कोण निवडले गेले व कोण सुटले हे विचारावे. हुबळीच्या हजारोंपेक्षा उंढेऱ्यातील १३५ माणसे अधिक सांगून जातात ती याच कारणाने. तिसरे, पुरावे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत ना व त्यांतील शब्दांचा अर्थ एकच आहे ना, हे तपासावे. चौथे, उत्तरे विखुरलेली असतील तर सरासरीमागे न लपता ती विखुरली का हे सांगावे. पाचवे, निर्णय घेताना तो मागे घेता येण्याजोगा आहे काय हे पाहावे व निर्णयाबरोबरच नवा पुरावा गोळा करण्याची सोय करून ठेवावी.

हे शेवटचे सूत्र आपल्या महाविद्यालयांना सहज अमलात आणता येईल. समजा, पुस्तक-पेढीची किंवा जादा तासिकांची योजना सुरू करावयाची आहे आणि तिला पैसा निम्म्याच इच्छुकांपुरता आहे. अशा वेळी ओळखीने किंवा अर्ज आधी आला म्हणून लाभ देण्याऐवजी इच्छुकांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून निवड करावी आणि वर्षअखेरीस दोन्ही गटांची हजेरी व निकाल पाहावेत. पुढच्या वर्षी उरलेल्यांना प्रथम संधी द्यावी. यात कोणाचा हक्क बुडत नाही, वशिल्याला वाव राहत नाही आणि एका महाविद्यालयाचा लहानसा का होईना पण प्रामाणिक अभ्यास तयार होतो. पाच महाविद्यालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवल्या तर पाच लहान अभ्यास एकत्र वाचता येतील.

नोंदी मात्र पूर्ण ठेवाव्या लागतील. मध्येच सोडून गेलेल्या विद्यार्थ्याचे नाव हजेरीपटावरून खोडले म्हणजे निकालाची टक्केवारी सुधारते, पण तो का गेला हे विचारण्याची वाट बंद होते. भायखळ्याच्या तुरुंगात कोणाला कधीपासून मोजले हा प्रश्न आज आपण विचारू शकतो, कारण ज्यांना वगळले त्यांचीही नोंद त्या वेळी राहिली. आपल्या हजेरीपटांतही तेवढी जागा राखून ठेवावी.